चावी देण्याआधी

मिस्त्री : …आणि हे चार हिरवे दिवे. चारही पेटलेले असले की टाकी भरलेली. एकच उरला की पंप शोधायचा. गॅस संपलाच तर गाडी आपसूक पेट्रोलवर जाते, तुम्ही काही करायचं नाही.

काका : म्हणजे सगळं गाडीच करणार. ड्रायव्हर नुसता शोभेला.

काकू : मग तुमचं काहीच बदललं नाही म्हणायचं.

काका : ऐकलंत मिस्त्री? तीस वर्षं बस चालवली मी. रोज गाडीभर माणसं सुखरूप नेली, सुखरूप आणली. आणि घरात मी शोभेचा.

मिस्त्री : सगळ्यांच्या घरात तेच आहे काका. माझ्या घरात तर शोभेचाही नाही. इकडे बघा. सुरू होताना ही पेट्रोलवरच सुरू होणार. इंजिन तापलं की टक् असा आवाज येईल, मग गॅसवर जाईल. आवाज आला म्हणून दचकायचं नाही.

काका : दचकणारा मी नव्हे. सायलेन्सर तुटून रस्त्यावर पडला होता एकदा, तरी स्टीअरिंग हललं नव्हतं माझं.

काकू : मिस्त्री, यांच्या बसच्या गोष्टी सुरू झाल्या की नातीची शाळा सुटेल आणि भरेलसुद्धा. आम्हाला निघायचंय हो. मला एवढंच सांगा, तो पेट्रोलचा वास तरी कमी होईल ना? माझं डोकं धरतं, पोटात ढवळतं. अर्धा रस्ता मी लिंबू नाकाशी लावून बसते.

काका : बस ड्रायव्हरची बायको, आणि तिला गाडी लागते! लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या बसमध्ये बसली, तर अर्ध्या रस्त्यात उतरून चालायला लागली. कंडक्टर म्हणतो, साहेब, तिकिटाचे पैसे परत द्यायचे का?

काकू : चालत गेले आणि तुमच्या आधी पोचले. घाटात बंद पडली होती तुमची बस, ते नाही सांगत.

मिस्त्री : वास कमी होईल काकू. जायचा नाही, पण कमी होईल. बरं, डिकी बघून घ्या. टाकी आडवी बसवलीय. स्टेपनी उभी करून पट्ट्यानं आवळलीय. आता इथे फार काही मावणार नाही. पिशव्या वगैरे मांडीवर घ्यायच्या.

काकू : पिशव्या मांडीवर, लिंबू हातात. डोकं कुठे ठेवू तेही सांगा.

काका : घरी ठेव. नाहीतरी तिथे लेकीच्या, बेबीच्या स्वयंपाकघरात त्याचा उपयोग काय, हातच लागतात.

मिस्त्री : रोज जाता तुम्ही लेकीकडे?

काका : रोज. पलीकडच्या गावात असते. दवाखान्यात नर्स आहे, पाळ्या असतात. एकटीच आहे. नात पहिलीत. सकाळी आम्ही जातो, ही स्वयंपाकपाणी बघते, मी दुपारी शाळेतून भिंगरीला आणतो, संध्याकाळी बेबी आली की परत.

मिस्त्री : भिंगरी?

काकू : एका जागी ठरत नाही म्हणून. तुम्ही ते मागच्या सीटवरचं कापडी कासव बाजूला काढलंय ना, ते तिचं. ते नसलं तर गाडीत बसत नाही ती. विसरू नका.

मिस्त्री : नाही विसरत. त्या खुर्चीवर ठेवलंय.

काका : बेबी म्हणत होती, बाबा, तुमचं पेन्शन सगळं पेट्रोलमध्ये जातं, रोज येऊ नका, मी एखादी बाई बघते. म्हटलं, बाई कशाला, बाप आहे अजून. गॅसवर करून घेतो गाडी. मग तुझ्या तोंडाला कुलूप.

काकू : तोंडाला कुलूप तुम्हाला लावायला हवंय. चला, द्या हो चावी.

मिस्त्री : देतो. एक शेवटचं राहिलंय. दोन मिनिटं. वास ओळखायचा.

काका : कसला?

मिस्त्री : गॅसचा. चावी देण्याआधी मी प्रत्येकाला हा वास देतोच. मी ज्यांच्याकडे शिकलो त्यांची पद्धत आहे ही. ही नळी बघा, हिच्यात जरासा उरलाय. इथे उघड्यावर एक क्षणभर सोडतो. तुम्ही वास घ्यायचा आणि मला सांगायचं, तुम्हाला तो कशासारखा वाटला.

काका : म्हणजे? गॅसचा वास गॅससारखा.

मिस्त्री : तसं नाही काका. प्रत्येकाला वेगळा वाटतो. कुणी म्हणतं नासकं अंडं, कुणी म्हणतं गटार. परवा एक वकीलबाई म्हणाल्या, माझ्या सासऱ्यांच्या खोलीसारखा. आपण आपलं नाव दिलं की तो डोक्यात बसतो. पुढे कधी गाडीत आला तर माणूस शंका काढत बसत नाही. वास आला की गाडी बाजूला, इंजिन बंद, सगळ्यांनी खाली उतरायचं, आणि टाकीवरची ही चकती अशी आवळायची. मग मला फोन.

काकू : राहू द्या ना ते. यांनी घरी सिलिंडर बदललेत शंभर वेळा. ओळखतात ते वास.

मिस्त्री : मग तर सोपंच आहे. या काका, असे इकडे या. वाऱ्याच्या या बाजूला. काकू, तुम्हाला त्रास होत असेल तर जरा लांब उभ्या राहा.

काकू : नाही, मी इथेच बरी आहे.

मिस्त्री : सोडतोय हं. हे… सोडला.

काकू : अगं बाई! केवढा उग्र हो!

काका : उग्र. फारच उग्र.

मिस्त्री : कशासारखा वाटला?

काकू : सडक्या कांद्यासारखा.

मिस्त्री : काकांना विचारतोय.

काका : मला? मला… पेट्रोलसारखाच. पेट्रोल, पण जरा जास्त.

मिस्त्री : पेट्रोलसारखा?

काकू : अहो, त्यांना कांदाच म्हणायचंय. कांद्याला ते कांदा म्हणत नाहीत, उग्र म्हणतात.

काका : हो. कांदा. कांदाच तो.

मिस्त्री : काकू, एक करता का? तुम्ही जरा त्या टेबलापाशी बसा. आणि बोलू नका.

काकू : मी काय शाळेत आलेय का?

मिस्त्री : रागावू नका. बसा. काका, पुन्हा एकदा घ्या. घाई नाही. आला की सांगा मला.

काका : अहो, आमची नात उभी राहील फाटकात. सगळी पोरं जातात आणि ती तिथे उभी…

मिस्त्री : एकदाच. पाना लावतोय हं.

काका : हां. आला. हा बघा आला. कांदा. भरपूर.

मिस्त्री : नक्की?

काका : काय झालं? म्हटलं ना आला.

मिस्त्री : काका, पाना लावला होता मी. फिरवला नाही. नळी बंद आहे.

काका : मग आधीचा असेल राहिलेला. हवेत राहतो तो.

मिस्त्री : आता फिरवलाय. आता सुटतोय. काही येतंय?

काका : …सर्दी झालीय मला.

मिस्त्री : बरं. बंद करतो.

काका : सर्दीत कुणालाच येत नाही वास. सांग ना गं यांना. सर्दी झालीय ना मला? काल रात्री नाही का शिंकत होतो?

मिस्त्री : काका, गाडी तुमची आहे. चावी अडवून धरणारा मी कोण. पण ते कासव मी उचललं ना सीटवरून, त्याच्या बरोबर मागे टाकी आहे.

काका : टाकी तुम्ही पक्की बसवलीय ना? का नाही बसवलेली?

मिस्त्री : पक्की आहे. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बघितलंय, एक बुडबुडा नाही. पण पक्कं केलेलंही कधीतरी सैल होतं काका. म्हणून तर गॅसला मुद्दाम तो घाणेरडा वास घालतात. नाहीतर त्याला स्वतःचा वासच नसतो.

काका : सांग ना गं! गप्प का बसलीस? इतका वेळ तर तोंड चालू होतं!

काकू : मिस्त्री, जवळपास कुठे चहा मिळेल का हो?

मिस्त्री : कोपऱ्यावर. मी सांगून येतो. मलाही पाठ सरळ करून उभं राहायचंय जरा. त्या टाकीखाली सकाळपासून वाकलोय. तुम्ही बसा.

(मिस्त्री जातो. काकू खुर्चीवरचं कासव उचलून मांडीवर घेते.)

काका : काय नाटक लावलंय या माणसानं. म्हणे वकीलबाई, म्हणे सासऱ्यांची खोली. गाडी द्यायची, मोकळं व्हायचं. तू ऊठ. तो यायच्या आत निघू.

काकू : चावी त्याच्या खिशात आहे.

काका : मग मागून घेऊ. तू सांग त्याला, यांना सर्दी आहे म्हणून. तुझं ऐकेल तो.

काकू : आतापर्यंत तेच सांगत होते ना. कांदा काय, उग्र काय. किती रेटायचं मी एकटीनं?

काका : म्हणजे?

काकू : म्हणजे काय म्हणजे. तुम्हाला वास येत नाही. त्या मोठ्या तापानंतर गेला तो परत आलाच नाही.

काका : …कुणी सांगितलं तुला?

काकू : सांगायला कशाला हवं. बिऱ्हाड एकच आहे ना आपलं?

काका : कधीपासून माहीत आहे?

काकू : तापाच्या त्याच पावसाळ्यापासून. दूध नासलं होतं, तुम्ही सगळा पेला प्यायलात आणि मिशी पुसलीत. मला वाटलं, लक्ष नसेल. मग एक दिवस तुम्ही बाहेरून आलात, चपला काढता काढता म्हणालात, वा, काय घमघमाट सुटलाय! शेगडीवर नुसतं पाणी होतं हो. भाजी चिरायचीसुद्धा होती अजून.

काका : आणि तू काही बोलली नाहीस.

काकू : काय बोलू? चाळीस वर्षांत तुम्ही कधी माझ्या हाताला चांगलं म्हटलं नव्हतं. मीठ जास्त, तिखट कमी, एवढंच काय ते. नाक गेलं आणि माझ्या स्वयंपाकाचं कौतुक सुरू झालं. म्हटलं, होऊ दे. किती दिवसांनी होतंय.

काका : मी ते तुला कळू नये म्हणून…

काकू : माहीत आहे.

काका : चवसुद्धा कळत नाही नीट. खारट आणि गोड एवढंच. बाकी सगळं कागद चघळल्यासारखं. पण तू ताट वाढून समोर उभी राहतेस. काहीतरी म्हणायला हवं ना.

काकू : म्हणालात की. रोज म्हणालात. भाजी जळली होती तेव्हाही म्हणालात.

काका : जळली होती? कधी?

काकू : खूपदा. काळजी घ्यायचं सोडूनच दिलं होतं मी मध्यंतरी. कुणासाठी जपायचं?

काका : डॉक्टरकडे गेलो होतो मी. एकटाच. तो म्हणाला, येईल कदाचित, नाही येणार कदाचित. एवढं सांगायला शिकतात वर्षानुवर्षं.

काकू : मला घेऊन जायचं होतंत.

काका : तू बेबीला सांगितलं असतंस.

काकू : नसतं सांगितलं. नाहीच सांगितलं.

काका : मग आताही नको सांगू. ऐक माझं. ती आधीच म्हणते, बाबांचं वय झालं, बाबांना झेपत नाही. तिला निमित्तच हवंय. हे कळलं की उद्यापासून बाई. भिंगरीला कुणीतरी अनोळखी बाई हात धरून आणणार. आणि आपण काय करायचं? मी त्या गॅलरीत बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजू?

काकू : अहो…

काका : एका नाकासाठी! डोळे ठीक आहेत. कान ठीक आहेत. हात बघ, कापतो का? गाडी काय नाकानं चालवतात?

काकू : पेट्रोलवर होती तोपर्यंत मी काही म्हटलं का? माझं जेवण, माझं दूध, माझी जळकी भाजी. माझ्यापुरतं होतं, गिळलं. आता ती टाकी मागे ठेवलीय ना, भिंगरीच्या डोक्यामागे.

काका : मग आधी का नाही बोललीस? दोन महिने मी गॅस गॅस करतोय. गाडी इथे आणून टाकली तेव्हाही गप्प.

काकू : डोक्यातच आलं नाही माझ्या. देवाशपथ. माझं सगळं लक्ष माझ्या ओकारीवर. पेट्रोलचा वास जाईल, माझी सुटका होईल, एवढंच. तो नळी घेऊन उभा राहिला ना, तेव्हा कळलं. आणि तरी तोंडातून काय निघालं? अगं बाई, केवढा उग्र. सवयच लागलीय तुमच्या वतीनं वास घ्यायची. दुपारी तुम्ही दोघंच असता. मी असते चुलीपाशी. ऊन असलं की काचा वर करता तुम्ही. ती कासवावर डोकं ठेवून झोपते. मला माहीत आहे, तिला झोप लागली की तुम्ही घराखाली गाडी लावून तिची झोप होईपर्यंत तसेच बसून राहता.

काका : उठवलं की रडते ती.

काकू : म्हणूनच म्हणतेय.

काका : दुपारी पेट्रोलवर चालवेन. बटण आहे ना. बाकी वेळ गॅस, ती असली की पेट्रोल. झालं? मिटलं?

मिस्त्री : (परत येत) चहा घ्या. साखर चहावाल्यानं हात सैल सोडून घातलीय.

काका : मिस्त्री, बटण दाबून पेट्रोलवर चालवली की गॅस बंद ना?

मिस्त्री : इंजिनाकडे जायचा बंद. टाकीतला टाकीतच असतो काका. तो कुठे जाणार?

काका : मग काढून टाका सगळं. टाकी, नळ्या, दिवे. होती तशी करून द्या गाडी.

मिस्त्री : काढतो. पण मग तुमचा तो पेट्रोलचा प्रश्न होताच.

काकू : आणि बेबीची बाई.

काका : सगळीकडून बंद. वन-वे आणि समोरून ट्रक.

मिस्त्री : वास ओळखणारा एक बजर येतो. गॅस सुटला की ओरडतो. मागवून बसवून देतो, आठवडा जाईल. पण मी नुसत्या बजरच्या जिवावर पोराला बसवा असं नाही म्हणणार. बजरचीही वायर उंदीर खातात.

काकू : बसवा तो. पण बेबीला सांगायचंच. आता, इथूनच. मी लावते फोन.

काका : ठेव तो फोन.

काकू : मी नाही लपवणार हो आता. दमले मी. खरंच दमले.

काका : ठेव म्हटलं ना. मी लावतो. माझं नाक आहे, मी सांगतो. मिस्त्री, तुम्ही जरा…

मिस्त्री : मी बोनेटमध्ये आहे. मला काही ऐकू येत नाही.

काका : हॅलो. बेबी? हां, मीच… ड्यूटीवर आहेस का? बोलता येतंय?… गाडी झाली, झाली. छान झालीय. नाही, अपघात नाही. आई इथेच आहे, चहा पितेय… ऐक ना. एक सांगायचंय. मध्ये बोलू नको, मग मला जमणार नाही… मला वास येत नाही… कशाचाच नाही. त्या तापापासून… हो, हॉस्पिटलात होतो तोच ताप… नाही, नाही सांगितलं… आईला माहीत होतं. मला माहीत नव्हतं तिला माहीत होतं ते… हसतेस काय?… बरं, रडू नकोस मग… डॉक्टरला दाखवलं. दाखवलं म्हटलं ना… आता गाडीत गॅस आहे. सुटला तर मला कळणार नाही. म्हणून सांगतोय. तुझी पोर आहे, तू ठरव… बेबी?… हॅलो?… आहेस का?… हां. हां… बरं… आजपासून?… विचारतो… बरं. ठेव. पेशंट वाट बघत असतील. ठेव.

काकू : काय म्हणाली?

काका : मागे ट्रॉलीचा आवाज येत होता नुसता. मग म्हणाली, आई गाडीत असेल तरच. जाताना, येताना, शाळेत, सगळीकडे. एकट्यानं नाही.

काकू : आणि मी नसले तर?

काका : तर तिची ती व्यवस्था करेल. व्यवस्था! हाच शब्द वापरला.

काकू : म्हणजे स्वयंपाक आता सकाळी जायच्या आधीच उरकायचा. आणि दुपारी पुन्हा गाडीत बसायचं. उन्हात.

काका : तुला नाही जमणार. सकाळीच अर्धमेली होतेस. मी सांगतो तिला, नाही जमत म्हणून.

काकू : मी म्हटलं का जमत नाही? उरकेन पहाटे उठून. उठतेच नाहीतरी, पडून राहते नुसती. ओकारी आली तर पिशवी आहे. इतकी वर्षं आलीय, अजून थोडी येईल. मिस्त्री! द्या चावी.

मिस्त्री : ही घ्या. काकू, तुम्ही नाव दिलंत ना त्याला? सडका कांदा. तेवढं लक्षात ठेवा. बजर आला की कळवतो. काका, चालवून बघा, गॅसवर जाताना जरा धक्का दिला तर सांगा.

काका : देणार नाही धक्का. चांगलं काम केलंय तुम्ही.

मिस्त्री : वास न घेता कसं सांगता? …सॉरी काका. तोंडातून गेलं.

काका : असू दे. आता सगळेच म्हणणार. चल गं. ते कासव घे.

काकू : घेतलंय. तुम्ही असे उभे का? बसा ना आत. शाळा सुटायला आली.

काका : एक सांगू?

काकू : आता आणखी काय राहिलंय?

काका : शाळेतून घरी येईपर्यंत ती माझ्याशी बोलते. समोरासमोर नाही बोलत, आरशातून बोलते. मी पुढे, ती मागे. आरशात फक्त डोळे दिसतात आम्हाला एकमेकांचे. मग विचारते. तिचा बाप कुठे असतो, त्याला तिचा वाढदिवस माहीत आहे का. घरात विचारलं तर आई उठून कामाला लागते म्हणे. कधीकधी मी नुसता गियर बदलतो. तीही बदलते विषय. तेवढीच वेळ आहे आमची. तू असलीस की नाही बोलणार ती.

काकू : बापाबद्दल विचारते?

काका : रोज नाही. अधूनमधून.

काकू : तुम्ही कधी बोलला नाहीत मला.

काका : तिनं कुणाला सांगायचं नाही म्हटलं होतं.

काकू : …मी मागे तिच्या शेजारी बसेन. खिडकीकडे तोंड करून, डोळे मिटून. म्हणेन, आजीला गाडी लागते, आजी झोपतेय. खोटं नाही ते.

काका : तुला गाडीत झोप लागलीय कधी?

काकू : नाही लागली. लागणारही नाही. नाक जागं ठेवायचंय ना मला.

काका : मग ऐकू येईलच सगळं.

काकू : येईल. पण ऐकलेलं मी कधी बोलून दाखवलंय का? आजचं सोडून द्या.

काका : दिलं. बस मागे.